मुलांचे फोटो सुधारून मिळतील

जव्हारच्या एसटी स्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला, भांड्यांच्या दुकानाला लागून 'योगिता फोटो'ची पाटी दिसते. दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि त्याच्याखाली नंतर कधीतरी वेगळ्या रंगानं लिहिलेली एक ओळ: 'मुलांचे फोटो सुधारून मिळतील.' ही ओळ मंजुषाच्या नवऱ्यानं, हेमंतनं, रंगवून घेतली होती. पेंटरनं तेव्हा विचारलं होतं, की पोरं सुधारून मिळत असतील तर माझी दोन घेऊन येऊ का. हेमंत त्यावर आठवडाभर हसत होता. त्याला हसायला फार लागायचं नाही.

पोरं बरी असायची, फोटोच बिघडलेले असायचे. आपल्याकडे लेकराचा फोटो काढायचा म्हणजे भर बारा वाजता त्याला अंगणात आणायचं, सूर्याकडे तोंड करून उभं करायचं, हात मांड्यांना चिकटवायला लावायचे आणि 'हस, हस' म्हणून त्याच्यावर ओरडायचं. पोर डोळे मिटतं, नाक वाहतं. फोटो काढणारा बाप ताठ उभा, त्यामुळे पोराचं डोकं मोठं आणि पाय काड्यांएवढे. मागे निळं पिंप, बैलाची पाठ, नाहीतर शेजारच्या आजीचा अर्धा चेहरा. असा फोटो मोबाइलमधून घेऊन लोक मंजुषाकडे यायचे आणि म्हणायचे, जरा चांगला करून द्या.

पोराला सावलीत घ्यावं, आपण खाली उकिडवं बसावं, मोबाइल पोराच्या डोळ्यांसमोर धरावा आणि मागे काय आहे ते एकदा बघून घ्यावं. एवढं केलं तरी फोटो बरा येतो, हे मंजुषा सुरुवातीला सगळ्यांना सांगायची. लोक मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा उन्हातलाच फोटो आणायचे. पालथ्या घड्यावर पाणी. मग तिनं सांगणं सोडून दिलं. तसंही सगळ्यांनी ऐकलं असतं तर दुकानाला टाळंच लागलं असतं.

बावीस वर्षं ती हे करत होती. तिचे वडील पंचायत समितीत कारकून होते, दोघे भाऊ शिक्षक झाले, आणि ही फोटोवाल्याच्या प्रेमात पडली. लग्नानंतर हेमंत बाहेरची कामं घ्यायचा, लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं. आणि ही आत संगणकापुढे. मोखाड्यापर्यंतच्या पाड्यांवरची निम्मी लेकरं तिच्या हाताखालून गेली होती. तिची पद्धत ठरलेली होती. आधी मागचं सगळं काढून टाकायचं आणि तिथं बाग लावायची. बागा तिच्याकडे अकरा होत्या. मग कातडी उजळ करायची. मग चट्टे, ओरखडे, तीट, शेंबूड, सगळं पुसायचं. काळं पोर गोरं झालं की आईबाप खूश. ती कधी आपणहून कुणाला गोरं करत नसे. पण न करता दिलं तर लोक फोटो परत आणायचे, हेही तिला माहीत होतं.

आणि डोळे मिटलेले असले, तर डोळे बदलायचे. त्यासाठी संगणकात 'डोळे' नावाचं एक खातंच होतं. चांगल्या उजेडात, नीट उघडलेल्या डोळ्यांच्या सहा जोड्या तिनं जमवून ठेवल्या होत्या. त्यातली सगळ्यात चालणारी जोडी तिच्या स्वतःच्या मुलीची, योगिताची. योगिता पाच वर्षांची असताना हनुमान पॉइंटवर झाडाखाली बसवून हेमंतनं काढलेल्या फोटोतली. ती कुठल्याही चेहऱ्यावर बसायची. योगिता आता पुण्याला नोकरी करते, गणपतीला येते. पण पोशेऱ्यापासून खोडाळ्यापर्यंत कितीतरी भिंतींवरून ती पाच वर्षांची होऊन बघत असते. ही गंमत हेमंत सगळ्यांना सांगायचा. मंजुषा कुणालाच सांगत नसे.

हेमंतला जाऊन चार वर्षं झाली. छातीत दुखायला लागलं म्हणून नाशिकला नेताना तोरंगणच्या घाटात, गाडीतच गेला. तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा होता. दुसऱ्या कुणाकडे देण्याचा प्रश्नच नव्हता. मंजुषानंच त्याचा एक मोबाइलमधला फोटो घेतला आणि खुर्चीत बसून रोजच्यासारखं काम केलं. डोळ्यांखालचं काळं काढलं. मानेच्या वळ्या काढल्या. हनुवटीवर लहानपणी सायकलवरून पडल्याचा एक व्रण होता, दाढी करताना तिथं हमखास कापायचं, तोही काढला. हात आपोआप चालत होता. बघणाऱ्या बायका नंतर म्हणाल्या, बाई दगडाची आहे. तिला त्याचंही काही वाटलं नाही. रडू येईल म्हणून ती काही दिवस वाट बघत राहिली. ते आलं नाही, तेव्हा तिनं वाट बघणंही सोडलं.

तेव्हापासून दुकान, घर, दुकान. भाजी आणायची, जेवायचं, झोपायचं. रविवारी योगिताचा फोन यायचा. जेवलीस का, जेवले, गोळी घेतलीस का, घेतली. तेवढ्यावर संपायचा. मंजुषा दुःखी होती असंही म्हणता येणार नाही. हात बधिर झाला की त्यात टाचणी टोचलेली दिसते पण कळत नाही, तसं तिचं सगळ्याच बाबतीत झालं होतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास पोशेऱ्याच्या एका पाड्यावरून लाडक्या नावाचा माणूस आला. हातात मोबाइल, काच तडकलेली. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीचा, फागीचा, फोटो होता. नागलीच्या शेताच्या बांधावर उभी, डोळे मिटलेले, मागे बैल. दिवाळी झाली की आम्ही जगायला, म्हणजे भट्टीवर कामाला जाणार, घर बंद राहणार, तोवर भिंतीला पोरीचा फोटो हवा, असं तो म्हणाला. पाड्यावर तीन घरी असे फोटो लागले होते, आता याच्याही घरी हवा होता. गोरी कर, कानात सोनं घाल, बाग लाव. मंजुषानं नेहमीसारखं सगळं केलं. बाग तीन नंबरची लावली, लाल फुलांची. डोळे योगिताचे. आठ बाय बाराचा फोटो लॅमिनेशन करून दिला. लाडक्यानं तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पोटाशी धरून नेला.

मूळ फोटो तिनं अमावास्येला पुसला. ही हेमंतची शिस्त. अमावास्येला नवं काम धरायचं नाही, म्हणून तो दिवस साफसफाईचा. दुकान झाडायचं, आणि संगणकातले कच्चे फोटोही झाडून टाकायचे. जागा अडते. सुधारलेला फोटो ठेवायचा, बिघडलेला ठेवून काय करायचं?

माघात, एका मंगळवारी दुपारी, एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिशीची असेल. पायांत चपला नव्हत्या. आत येऊ का असं विचारलं नाही, आलीही नाही. मंजुषानं काय हवं म्हणून विचारल्यावर तिनं काखेतल्या पिशवीतून तो आठ बाय बाराचा फोटो काढला आणि टेबलावर ठेवला.

"ही माझी फागी नाय," ती म्हणाली. "तुज्याकडं पयला फोटो हाय का? बांधावरचा?"

डोंगरातली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, साहेब समोर असला तरी. ही लाडक्याची बायको, सोमी. तिनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, आणि रडत नव्हती म्हणून नीट कळलं. भिवंडीकडे वीटभट्टीवर होते. रविवारी बाजाराला गेले. सोमी सुकट घेत होती, लाडक्या मिठाच्या रांगेत. पोर सोमीच्या पदराला धरून होती, आणि मग नव्हती. बाजाराला लागूनच स्टँड. एका भज्यांच्या गाडीवाल्यानं पोर लाल गाडीत चढताना पाहिली. फागीला एवढंच माहीत होतं, की घरी जायला लाल गाडी लागते. भट्टीचा तिला कंटाळा आला होता, रोज विचारायची, लाल गाडीत कधी बसायचं. ती कुठली एसटी होती, कुठं गेली, कुणाला सांगता आलं नाही. या गोष्टीला सतरा दिवस झाले होते.

पोलिसांनी फोटो मागितला. लाडक्याचा मोबाइल भट्टीवर मातीच्या खड्ड्यात पडून कधीच बंद झाला होता. मग तो पाड्यावर येऊन भिंतीवरचा फोटो काढून घेऊन गेला. हवालदारानं त्याचा फोटो काढला आणि कुठं कुठं पाठवला, कागद छापले, स्टँडवर चिकटवले. आदल्या दिवशी सोमी तो कागद घेऊन भट्टीवरच्या बायकांकडे गेली, तुम्ही बाजारात जाल तेव्हा दाखवा म्हणून. फागी त्या बायकांच्या मांडीवर बसून जेवलेली पोर. त्यातल्या एकीनं कागद बघून विचारलं, ही कुणाची गं?

तेव्हा सोमी उठली आणि जव्हारला आली.

मंजुषा म्हणाली, नाही, तो फोटो पुसला. तिच्या तोंडून ते जसं यायचं तसंच आलं, दुकान बंद आहे म्हणावं तसं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. सोमी प्यायली, पायरीवर बसली आणि बसूनच राहिली.

बराच वेळ गेला. दुसरं एक काम अर्धं पडलं होतं, कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवसाचा फोटो, म्हणून मंजुषा त्याच्याकडे वळली. मुलाच्या गालावर खरचटल्याची रेघ होती. तिनं बाजूच्या कातडीचा तुकडा घेतला, रेघेवर ओढला, रेघ गेली. मागून आवाज आला. सोमी आत येऊन तिच्या खुर्चीमागं उभी होती.

"असा पुसतेस ना तू," सोमी म्हणाली, "तसा परत लावता येल का?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. येईल की नाही, मंजुषाला खरंच माहीत नव्हतं. तिनं फागीचा फोटो संगणकावर उघडला आणि दुसरी खुर्ची ओढून घेतली. सोमीला खुर्चीत बसणं जमेना. ती उभीच राहिली.

आधी बाग गेली. लाल फुलं गेली, मागे नुसता पांढरा पडदा राहिला. मग कानातलं सोनं गेलं. मग रंग. मंजुषा एकेक पायरी खाली उतरवत विचारत होती, एवढी? आणि सोमी म्हणत होती, अजून. अजून. शेवटी सोमीनं स्वतःचा हात पडद्याजवळ नेऊन धरला, मनगट चेहऱ्याला लावून, आणि म्हणाली, अशी. लोक या दुकानात पोरं गोरी करायला येतात. आज एक आई पोरीला काळी करून मागत होती, आणि मापाला हात धरून उभी होती.

गालांवरचे फिकट चट्टे दोन होते, डाव्यावर मोठा, उजव्यावर नखाएवढा. डाव्या कानाची पाळी फाटलेली. भोकात घातलेली काडी करवंदीच्या जाळीत अडकली आणि पोर तशीच पळाली. ती पाळी मंजुषानं सोन्याखाली झाकली होती, हे तिला आता आठवलं. केस असे चापून नसतात, समोरचे उभे राहतात. नाकपुड्यांखाली लाल असतं, थंडीत. सोमी एकेक सांगत गेली. तिला थांबून आठवावं लागत नव्हतं. डोळ्यांसमोर पोर उभी असावी आणि तिच्याकडे बघून सांगावं, तसं ती सांगत होती.

भुवईपाशी अडलं. कोंबडीनं पिल्लांवरून टोचलं होतं, भुवईत चीर पडली होती, तिथं केस आलेच नाहीत. कुठल्या भुवईत, आणि किती? सोमीनं हवेत बोटं हलवून पाहिली, पडद्यावर दाखवून पाहिलं. मग तिनं सरळ मंजुषाचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि तिच्या उजव्या भुवईवर बोट टेकलं. शेपटाकडून तिसऱ्या भागावर, आणि तिथून तिरपं वर.

"हितून हितपावेत," ती म्हणाली.

बोट खरखरीत होतं, विटांनी घासलेलं. मंजुषा हलली नाही. गेल्या चार वर्षांत आपल्या चेहऱ्याला कुणी हात लावलेला नाही, एवढं तिच्या मनात आलं. मग ती पडद्याकडे वळली आणि चीर काढली. सोमी म्हणाली, थोडी बारीक. तिनं बारीक केली.

राहिले डोळे. सोमी त्यांच्याकडे वाकून बघत राहिली. बाकी चेहरा तिच्या पोरीचा होत आला होता, आणि त्यातून हे डोळे तिच्याकडे बघत होते.

"हे कोनाचे?"

मंजुषानं सांगितलं, माझ्या मुलीचे. चोरी सापडल्यासारखं तिला वाटलं, आणि काहीतरी वाटलं याचंच नवल वाटलं.

"कुठं असते ती?"

पुण्याला, मंजुषा म्हणाली. सोमीनं मान हलवली. सहज विचारल्यासारखं विचारलं, तसं सोडून दिलं. मग म्हणाली, फागीचे डोळे माझेच, सगळे म्हणतात, सासूपण म्हणते. आणि असे फाकून ती बघत नाही, उन्हात ते बारीक होतात.

मंजुषा कॅमेरा घेऊन उठली. सगळ्या जगाला सावलीत उभं राहा सांगणाऱ्या बाईनं सोमीला दुकानाबाहेर नेलं आणि रस्त्याच्या कडेला, लख्ख उन्हात, सूर्याकडे तोंड करून उभं केलं. भांडीवाला बाहेर येऊन बघायला लागला. सोमीचे डोळे बारीक झाले, कडेला सुरकुत्या पडल्या. मंजुषा खाली उकिडवी बसली आणि तिनं तीन फोटो काढले.

सुरकुत्या काढल्या, डोळे लहान करून बसवले. त्या दिवशी पुसण्याचं काम तेवढंच. पुरा झालेला फोटो तिनं मोठा करून दाखवला. रंग उतरलेला, केस विस्कटलेले, डोळे मिचकावणारी एक काळीसावळी पोर. असा फोटो तिनं एरवी दुकानाबाहेर जाऊ दिला नसता.

"हीच," सोमी म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडली. आल्यापासून पहिल्यांदा.

मंजुषा बाजूला उभी राहिली. आपल्यालाही आता काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं. झालं नाही. फक्त भुवईवर बोट टेकलं होतं ती जागा अजून वेगळी लागत होती. तिनं फोटो सोमीकडच्या कागदावरच्या हवालदाराच्या नंबरवर पाठवला, खाली भुवईचं आणि कानाचं लिहिलं, वीस प्रती काढून सोमीच्या पिशवीत घातल्या आणि तिला पाचच्या गाडीत बसवून दिलं.

त्यानंतरचे दोन दिवस ती फोनकडे बघत होती. हे तिच्या बाबतीत नवीन होतं. गिऱ्हाईक समोर असताना फोन वाजला तर ती दचकायची, आणि भलत्याच कुणाचा निघाला की पुन्हा कामाला लागायची. तिसऱ्या दिवशी दुपारी लाडक्याचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. पोर सापडली होती. रायगडकडच्या एका बालगृहात. तिथल्या बाईंनी फोटो बघितल्याबरोबर ओळखली, भुवईवरून. मंजुषा 'बरं झालं' म्हणाली आणि तिला पुढे काही बोलता आलं नाही. लाडक्याला वाटलं फोन तुटला.

आठवड्यानं तिघं दुकानात आली. भट्टी सोडून दिली होती, मुकादमाशी भांडण झालं होतं, आणि मोखाड्याच्या गाडीला वेळ होता. लाडक्यानं येताना केळी आणली होती. फागी सोमीच्या कमरेला मिठी मारून उभी होती. ती बालगृहात कुणाशी बोललीच नव्हती, नाव नाही, गाव नाही. डेपोत गाडी रिकामी झाल्यावर वाहकाला शेवटच्या बाकड्याखाली झोपलेली मिळाली होती. अजूनही ती आईशीच बोलायची, तेही कानात.

लाडक्यानं मग एक गोष्ट सांगितली, हसतच. त्या बालगृहाच्या व्हरांड्यात फळा आहे, हरवलेल्या पोरांचे कागद तिथं लावतात. पोलिसांचा पहिला कागद तिथं लागलेला होता. लाल फुलांचा, गोऱ्या पोरीचा. फागी नऊ दिवस त्याच व्हरांड्यात, त्या फळ्याखाली बसून जेवत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. तिथल्या बाई रोज कागद बघायच्या, रोज हिला वाढायच्या.

मंजुषानं हातातली केळी टेबलावर ठेवली, ती नीट ठेवली गेली नाहीत. ती म्हणाली, माझ्यामुळे झालं हे. लाडक्या म्हणाला, तुजं काय त्यात, आमीच बोललेलो गोरी कर म्हणून. सोमी फागीचे केस मागं सारत राहिली. कुणीतरी रागावलं असतं तर मंजुषाला बरं वाटलं असतं.

मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं फागीचा चेहरा पाहिला. उजव्या भुवईत, शेपटाकडून तिसऱ्या भागावर, तिरपी चीर. बारीक. डाव्या कानाची फाटलेली पाळी. डाव्या गालावर मोठा चट्टा, उजव्यावर नखाएवढा. सोमीनं सांगितलं होतं त्यात काडीचा फरक नव्हता. आणि डोळे, दुकानाच्या सावलीत नीट उघडलेले. ते सोमीचे होते, आणि थोडे सोमीचे नव्हतेही.

"आता एक फोटो घे तिचा," सोमी म्हणाली. "पन तिचं काय पुसू नको."

मंजुषानं फागीला पायरीवर, छपराच्या सावलीत बसवलं. आपण खाली रस्त्यावर बसली. हस म्हणाली नाही. फागी हसलीही नाही, सरळ बघत राहिली. तो फोटो तिनं संगणकात उघडून न बघता तसाच छापला आणि लॅमिनेशन करून दिला. जुना आठ बाय बाराचा सोमी तिथंच टेबलावर ठेवून गेली. मोखाड्याची गाडी लागली होती. लाल गाडी बघून फागी आईचा हात सोडून पुढे पळाली, आणि सोमी ओरडत तिच्यामागं धावली.

ती गेल्यावर मंजुषा खुर्चीत बसली. समोर भिंतीवर हेमंतचा फोटो होता, चंदनी हार घातलेला. रोज समोर असायचा. आज तिनं तो पाहिला, आणि तिला वाटलं, या माणसाला आपण कुठंतरी बघितलंय.

तिनं संगणकात हेमंतचा फोटो उघडला आणि हनुवटी मोठी केली. मूळ फोटो अर्थातच नव्हता. त्या महिन्याची अमावास्या तिनं चुकवली नव्हती. मोबाइलही त्याचा तेव्हाच कुणाला तरी देऊन टाकला होता. काही हरकत नाही, आता परत लावता येतं हे तिला माहीत होतं. एक व्रण तर आहे. लांबी साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. तिनं हात उचलला आणि तो तिथंच राहिला.

डावीकडे की उजवीकडे?

तिनं डोळे मिटले. हेमंत दाढी करताना दिसला, पण तो आरशात, म्हणजे उलटा. आणि तोंडभर फेस. भात कालवताना दिसला, मान खाली. स्कूटरवर दिसला, पाठमोरा. पेंटरच्या बोलण्यावर हसताना दिसला, आणि त्या हसऱ्या चेहऱ्याची हनुवटी स्वच्छ होती, भिंतीवरच्या फोटोतल्यासारखी. तिनं स्वतःच्याच हनुवटीवर बोट टेकून पाहिलं. आधी या बाजूला, मग त्या. दोन्ही बाजू सारख्याच लागल्या. अठरा वर्षं ती या माणसासमोर बसून जेवली होती. सोमीला न थांबता सगळं आलं, आणि हिला एक सांगता येईना. तिला भीती वाटली. बऱ्याच वर्षांनी एवढं काही वाटलं, ते हे.

तिनं योगिताला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून योगिता घाबरली. काय झालं, बरी आहेस ना, विचारायला लागली. मंजुषा म्हणाली, बरी आहे, एक विचारायचं होतं. बाबांच्या हनुवटीवर व्रण होता ना, सायकलवरून पडल्याचा, तो कुठल्या बाजूला होता?

"व्रण? मला नाही आठवत गं," योगिता म्हणाली. मग आईला मदत करावी म्हणून, अगदी सहज: "दुकानात त्यांचा फोटो लावलाय ना, त्यात बघ की."

मंजुषानं वर पाहिलं.

"बघते," ती म्हणाली.